धागा: आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याची प्राध्यापक व्हायचंय, आपल्या इकडून जमते का?

कपाशीवाली | रवि, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षापासून इथं नुसती वाचून राहिली, आज पहिल्यांदा लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी दर्यापूर तालुक्यातली, खारपाणपट्ट्यातलं गाव, एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला अमरावतीला आहे, रोज एसटीनं जाणं येणं. मागच्या सेमिस्टरला आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरात सरांनी शेवटच्या वीस मिनिटात रवांडाच्या वंशसंहाराच्या एका केसबद्दल सांगितलं, घंटा झाली आणि सगळे बसस्टँडकडं पळाले, मी मात्र तिथंच अडकली. त्या दिवसापासून मोबाईलवर सापडेल ते वाचून राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतरचे नूरेम्बर्ग न् टोकियोचे खटले, युगोस्लाव्हियाचं न्यायाधिकरण, हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्ट. मला वकिली नाही करायची, हा विषय शिकवायचाय.

घरी सांगितलं तर बाबा म्हणते, "ते कोर्ट कापसाचा भाव ठरवते का? मग आपल्याले काय करा लागते त्याचं?" दादा म्हणते जेएमएफसीची तयारी कर, न्यायाधीश होशील, गाडी भेटन. मैत्रिणी तर हसल्याच.

तर विचारायचं हे की असं करिअर खरंच असते का? कोणी केलंय का? इंग्रजी माझं कच्चं आहे, पेपर मराठीतूनच लिहिते. खरं खरं सांगा, गोड बोलू नका.

तर्रीपोहा | रवि, रात्री १०.०२

गोड बोलायची आपली सवय नाई म्हणून सांगतो ताई. आपल्या इकडे साध्या कायद्याच्या प्राध्यापकाले नोकरी नाई, तू तर आंतरराष्ट्रीय म्हणून राहिली. माझा चुलतभाऊ प्राध्यापकीच्या नेट, सेट दोन्ही परीक्षा पास, सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवून राहिला, शेवटी त्यानं परतवाड्याले झेरॉक्सचं दुकान टाकलं. आता त्याच कॉलेजचे पोट्टे त्याच्याकडून नोट्स नेते. नोट्स बी त्याच्याच!

वकीलकाका | रवि, रात्री १०.३०

२६ वर्षं तालुका कोर्टात काढली म्हणून दोन शब्द. बेटा, दादा म्हणते ते ऐक. जेएमएफसी दे, वय आहे तुझं. भारत त्या हेगच्या कोर्टाचा सदस्यच नाही, मग तो कायदा इथं शिकवून कोणाचं भलं होणार? आमच्या कोर्टात अजून पंचनाम्यावरचे पंच फितूर होते त्याचंच औषध सापडलं नाही.

जुना_मास्तर | सोम, सकाळी ६.१०

काल रात्रीच वाचलं हे, पण झोप आली होती. आता चहा घेऊन बसलो, लांब लिहीन, कोणी कंटाळलं तर पुढं सरका.

मी हाच विषय शिकवतो. २२ वर्षं झाली. मूळ गाव दारव्हा तालुक्यात, बाप कोरडवाहू सहा एकरवाला, आता राज्याबाहेरच्या एका विधी विद्यापीठात आहे, निवृत्तीला चार वर्षं राहिली. म्हणजे करिअर असते का याचं उत्तर, असते. पण तू जसं समजून राहिली तसं नसते, ते आधी सांगतो.

पहिली गोष्ट, "आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याचा प्राध्यापक" अशी जाहिरात आपल्याकडं जवळपास निघतच नाही. जाहिरात निघते ती "सहायक प्राध्यापक, विधी" अशी. तू रुजू होते ते भारतीय न्याय संहिता, साक्ष, फौजदारी प्रक्रिया शिकवायला, आणि तुझा विषय मिळते तो ऐच्छिक पेपर म्हणून. माझ्या ऐच्छिक वर्गात या वर्षी नऊ पोरं आहे. एका वर्षी तीन होते, त्यातला एक दुसऱ्याच्या जागी बसला होता. तेव्हा आधी फौजदारी कायद्याचा मास्तर व्हावं लागते, मग आंतरराष्ट्रीय.

आता माझा रस्ता. एलएलबी यवतमाळले, मराठीतून. एलएलएम नागपूरले, तिथं पहिल्या दिवशी सरांनी इंग्रजीत काय विचारलं ते समजलं नाही म्हणून "येस सर" म्हटलं, प्रश्न होता की तुम्ही इथं का आले. नेट तिसऱ्यांदा निघाली. त्यानंतर सहा वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर, नाव नाही लिहित, आणि तिथं दिवाळीच्या आधी टाकलेलं बिल होळीला निघायचं. पोहेवाले भाऊ म्हणते ते शंभर टक्के खरं आहे, मी ते भोगलंय. आठवड्यातून तीन दिवस कॉलेज आणि बाकीचे दिवस दारव्ह्याले बाजार समितीत एका अडत्याच्या गादीवर हिशेब लिहायचो. लाज नाही वाटत सांगायला.

पीएचडीचा विषय होता वरिष्ठाची जबाबदारी. म्हणजे शिपायानं गुन्हा केला, साहेबाला माहीत होतं किंवा माहीत असायलाच पाहिजे होतं, आणि त्यानं थांबवलं नाही, तर साहेब किती गुन्हेगार? जपानी जनरल यामाशिताचा खटला १९४५ चा, तिथून हे सुरू होते आणि रोम संविधीच्या, म्हणजे हेगच्या कोर्टाच्या मूळ कराराच्या, कलम २८ पर्यंत येते. हा विषय कसा सुचला माहीत आहे? आमच्या गावच्या सोसायटीत गटसचिवानं घोळ केला होता आणि अध्यक्ष म्हणत होता मला काय माहीत, मी तर फक्त सह्या करतो. मार्गदर्शकांना हे सांगितलं तर ते दहा मिनिटं हसले आणि म्हणाले विषय पक्का.

वकीलसाहेबांचा प्रश्न बरोबर आहे, भारत सदस्य नाही. १७ जुलै १९९८ ला रोममधे त्या संविधीवर मतदान झालं, १२० बाजूनं, ७ विरोधात, २१ तटस्थ, आपण तटस्थात. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आपल्याला मान्य नव्हते, अण्वस्त्राचा वापर गुन्ह्यात धरला नाही हे मान्य नव्हतं, दहशतवाद घेतला नाही हेही. पण सदस्य नाही म्हणून शिकायचं नाही, हे असं झालं की आपल्या शेतातून कॅनॉल गेला नाही म्हणून पाण्याबद्दल बोलायचंच नाही. २०१५ मधे सुदानचे अध्यक्ष बशीर दिल्लीला परिषदेला आले होते, त्यांच्यावर त्या कोर्टाचं वॉरंट, आपण अटक केली नाही. बरोबर केलं का चूक? हे विद्यार्थ्यासमोर ठेवलं की तास कसा जाते समजत नाही. आणि २०१८ मधे दिल्ली उच्च न्यायालयानं १९८४ च्या दंगलीतल्या सज्जन कुमार प्रकरणात लिहून ठेवलं की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या देशी फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही फट बुजवायला पाहिजे. वंशसंहाराच्या करारावर तर आपण १९५९ मधेच शिक्कामोर्तब केलं. नवीन संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, फट तशीच आहे. म्हणजे काम आहे, वकीलसाहेब, कामाची कमी नाही. पगार देणारा कमी आहे.

तासाची वेळ झाली, बाकी संध्याकाळी.

तर्रीपोहा | सोम, सकाळी ८.१५

मास्तर, सोसायटीचा अध्यक्ष न् जपानी जनरल एका ओळीत! लय भारी. त्या अध्यक्षाचं काय झालं मंग?

जुना_मास्तर | सोम, सकाळी ८.२०

पुन्हा निवडून आला.

वणीकर_संध्या | सोम, दुपारी १.४५

मी दिल्लीत याच विषयात पीएचडी करतेय, वणीची आहे. मास्तरांनी लिहिलं ते छानच पण थोडं कामाचं लिहिते कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि माझे दोन वर्षं वाया गेले.

एलएलएमला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, एवढं झालं की सहायक प्राध्यापकाला पात्र. नेट वर्षातून दोनदा असते. कायम जागा मिळाली तर सातव्या आयोगाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, आणि न मिळाली तर मास्तरांची गादी आहेच. एलएलएम एक वर्षाचंही असतं, दोन वर्षाचंही, पण आपल्यासारख्यांनी दोन वर्षाचंच करावं असं माझं मत, एका वर्षात प्रबंध नीट होत नाही आणि इंग्रजीही सुधरत नाही. बाहेर जायचं असेल तर नेदरलँड्समधलं लायडन, तिथं या विषयाचा खास अभ्यासक्रम आहे आणि हेग शेजारीच. तू अनुसूचित जातीची असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघ, नसशील तर दुसऱ्या योजना आहेत, समाजकल्याणच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचार, वेबसाईटवर भरोसा ठेवू नको.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाक, मलाही होता. तिथं न्यायाधीश होण्यासाठी उमेदवार सदस्य देशाचा नागरिक लागतो. म्हणजे भारतीय माणूस आजच्या घडीला त्या १८ न्यायाधीशांत बसू शकत नाही. गंमत म्हणजे निवडणुकीत दोन याद्या असतात, एक फौजदारी खटले चालवलेल्यांची आणि दुसरी आंतरराष्ट्रीय कायदा जाणणाऱ्यांची, आणि प्राध्यापक बहुतेक या दुसरीतून जातात. बांगलादेश २०१० पासून सदस्य आहे, त्यांचा प्राध्यापक जाऊ शकतो, आपला नाही. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसले होते.

कोर्टाच्या कामकाजाच्या भाषा दोन, इंग्रजी आणि फ्रेंच. फ्रेंच आत्ता नाही शिकलीस तर नंतर होत नाही, अनुभव आहे. आणि मूट कोर्ट, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याची स्पर्धा, कर. दिल्लीत हेन्री ड्यूनांच्या नावाची स्पर्धा असते युद्धकाळाच्या कायद्यावर, कॉलेजला टीम पाठवायला लाव. पाठवत नसतील तर भांड.

खडकाळ_रान | सोम, सायं ५.३०

माझा एक प्रश्न आहे, राग मानू नका. हे सगळं गोऱ्या लोकांनी हरलेल्यांवर चालवलेलं प्रकरण नाही का? आपले न्यायाधीश राधाबिनोद पाल टोकियोच्या खटल्यात एकटे उभे राहिले आणि म्हणाले जपान निर्दोष, जपान्यांनी काहीच केलं नाही. त्यांचा पुतळा का स्मारक आहे तिकडे. मग आपण कशाला त्यांचाच कायदा डोक्यावर घ्यायचा?

जुना_मास्तर | सोम, रात्री ९.३०

खडकाळभाऊ, राग कायचा, हाच प्रश्न तर माझा पहिला तास असते. पण अर्धं बरोबर आणि अर्धं व्हॉट्सअ‍ॅपवरचं आहे.

पालबाबूंनी अत्याचार झालेच नाहीत असं म्हटलं नाही. नानकिंगमधे, फिलिपिन्समधे जे झालं त्याचा पुरावा जबरदस्त आहे हे त्यांनीच लिहिलं. त्यांचं म्हणणं दुसरंच होतं. आक्रमक युद्ध हा गुन्हा युद्ध सुरू झालं तेव्हा कायद्यात नव्हता, मग मागून कायदा करून त्यासाठी फाशी कशी देता? देशव्यापी कटही सिद्ध झाला नाही. आणि अत्याचाराची जबाबदारी या आरोपींवर पुराव्यानिशी येते हे तुम्ही दाखवलं नाही. म्हणून सगळ्या कलमातून सगळे सुटले पाहिजे. ११ न्यायाधीश होते, २५ जणांना शिक्षा झाली, सात फासावर गेले, आणि पालबाबूंचं भिन्नमत बाराशेहून जास्त पानांचं. तुम्हाला पटो न पटो, मला सगळं पटत नाही, पण वाचल्याशिवाय त्यांचं नाव झेंड्यासारखं फिरवायचं नाही एवढी माझी विनंती.

आणि पोरी, तुझ्यासाठी ही गोष्ट. पालबाबू आधी मयमनसिंगच्या कॉलेजात गणित शिकवत. मग कायदा शिकले, १९२३ ते १९३६ कलकत्ता विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक. टोकियोचं बोलावणं १९४६ चं. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगावर १९५२ पासून १९६६ पर्यंत. गणिताचा मास्तर, बंगालातल्या खेड्यातला.

हा सगळा विषयच मास्तर लोकांनी उभा केलाय. १९४४ मधे लेमकिननं "जेनोसाईड", म्हणजे वंशसंहार, हा शब्द घडवला, आधीचा अर्धा ग्रीक, नंतरचा अर्धा लॅटिन. पोलंडातून जीव घेऊन पळालेला माणूस, अमेरिकेत ड्यूक आणि येलला शिकवलं, संयुक्त राष्ट्रांच्या दाराशी बसून बसून वंशसंहाराचा १९४८ चा करार करून घेतला. १९५९ मधे गेला तेव्हा खिसा रिकामाच. रोम संविधीच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बासियूनी, मूळचे इजिप्तचे, शिकागोत प्राध्यापक. युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणाचे पहिले अध्यक्ष कासेसे, फ्लॉरेन्सचे प्राध्यापक. आपल्या भाऊसाहेब पंजाबरावांचंच बघ, पापळ गावातला पोरगा, विलायतेतून बॅरिस्टर झाला, वेदातल्या धर्मावर डॉक्टरेट केली. तेव्हा एसटीही नव्हती.

कपाशीवाली | सोम, रात्री ११.१०

सर, संध्याताई, काका, सगळ्यांचे आभार, मोबाईलवरून लिहिते, लाईट गेलीये.

सर मी ती रवांडाची केस वाचायला घेतली, अकायेसू. पण तो निकाल एवढा मोठा आहे आणि इंग्रजी असं की एका पानाला एक तास. डिक्शनरी उघडून ठेवते न् झोप येते. कसं वाचायचं?

जुना_मास्तर | मंगळ, सकाळी ५.५०

पहिल्या पानापासून वाचूच नको. तिथंच लोक मरतात. आधी घटनेचा भाग उघड आणि एखाद्या गावचं भांडण वाचतो तसं वाच, कायद्याचे परिच्छेद सोडून दे.

मी वर्गात कसं सांगतो ते लिहितो. ताबा नावाचा भाग. अकायेसू तिथला प्रमुख, आपल्याकडं सरपंच आणि तहसीलदार एकत्र केला तर होईल तेवढा अधिकार. पेशानं आधी शिक्षक. लोकांत मान. एप्रिल १९९४ मधे कत्तली सुरू झाल्या तेव्हा सुरुवातीला या माणसानं आपल्या भागात थांबवायचा प्रयत्न केला, हे कोर्टानं मान्य केलं. मग १८ एप्रिलला वरच्या पुढाऱ्यांची बैठक झाली, त्यानंतर हा माणूस पालटला. इथं मी थांबतो आणि विचारतो, त्या बैठकीतून परत येताना गाडीत तो काय विचार करत असेल? वर्गात टाचणी पडली तर ऐकू येते. आपल्यापैकी प्रत्येकानं असा माणूस पाहिलेला असतो, चांगला होता न् वरून फोन आला.

पुढं खटल्यात एक बाई साक्षीला आली. आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. बोलता बोलता तिनं आपल्या लहान पोरीवर काय झालं ते सांगितलं. न्यायाधीशांत नवी पिल्ले होत्या, तिथली एकटी बाई न्यायाधीश, त्यांनी आणखी विचारलं. जून १९९७ मधे आरोपपत्र दुरुस्त झालं. २ सप्टेंबर १९९८ ला निकाल आला, आंतरराष्ट्रीय न्यायालयानं खटला चालवून वंशसंहारासाठी दोषी ठरवल्याचा जगातला पहिला निकाल, आणि बलात्कार हा वंशसंहाराचा भाग होऊ शकतो हेही पहिल्यांदाच म्हटलं गेलं. या नवी पिल्ले डर्बनच्या, तमिळ घरातल्या. वडील बस चालवायचे. शिक्षणासाठी तिथल्या भारतीय लोकांनी वर्गणी केली होती. तू एसटीत बसली की आठवत जा.

हे झालं की मग व्याख्येकडं ये. वंशसंहाराच्या करारात चारच गट आहेत, राष्ट्रीय, वांशिक, वर्णाचे, धार्मिक. मारणारे हुतू आणि मरणारे तुत्सी, दोघांची भाषा एक, धर्म एक. मग वेगळा गट कसा म्हणायचं? तिथं ओळखपत्राचा मुद्दा येते, बेल्जियमच्या राज्यापासून कार्डावर हुतू का तुत्सी ते छापलेलं. एका कागदाच्या तुकड्यावरून माणूस मरते. एवढं समजलं की मग ती इंग्रजी आपोआप सुटते, कारण काय शोधायचं ते तुला माहीत असते.

रोज दोन पानं. आणि जे वाचलं ते रात्री मराठीत लिहून काढायचं, स्वतःच्या शब्दात. मी अजून लिहितो. माझ्या अशा ४१ वह्या आहे, बायको रद्दीत घालते म्हणून कपाटाला कुलूप.

वकीलकाका | मंगळ, दुपारी २.००

कोर्टातून लिहितो, आज साहेब रजेवर. परवा जे लिहिलं त्यातलं अर्धं मागं घेतो, भारत सदस्य नाही ते तर खरंच आहे. पण त्या बाईच्या साक्षीचं वाचून मला माझी एक केस आठवली, २०११ ची, साक्षीदार असंच बोलता बोलता निराळंच सांगून गेली होती आणि मी, बचावाचा वकील, तिला मधेच तोडलं होतं. कायद्यानं बरोबरच होतं माझं. असो.

बेटा, मास्तर म्हणते ते ऐक पण सुटीत दोन महिने कोर्टात येऊन बस. उलटतपास कसा चालते, साक्षीदार पाणी कधी मागते, दुभाष्या नसला की कोरकू बाईची साक्ष कशी नोंदवल्या जाते, हे पुस्तकात नाही भेटणार. आमच्या बार रूममधे बाकडं रिकामं आहे. फी नाही, चहा तेवढा तू सांगायचा.

वणीकर_संध्या | मंगळ, दुपारी ३.२०

काका, कोरकूचा मुद्दा तुम्ही सहज लिहिला पण सोन्यासारखा आहे. रवांडात साक्षी किन्यारवांडात, रेकॉर्ड इंग्रजी-फ्रेंचमधे. अकायेसूच्या निकालात भाषांतरावर वेगळी चर्चाच आहे, एखाद्या शब्दाचा नेमका अर्थ काय यावर भाषातज्ज्ञाला साक्षीला बोलवलं होतं. मेळघाट आणि अरुशा, जिथं रवांडाचं न्यायाधिकरण होतं, दोन्हीकडं एकच अडचण. कपाशीवाली, विषय इथं पडलाय, उचल.

तर्रीपोहा | मंगळ, सायं ६.४०

आमचं म्हणणं एवढंच की घरी सोन्यानाण्याची गोष्ट करता आली पाहिजे. जेएमएफसीची तयारी बी करून ठेव ताई. दोन्ही दगडावर पाय नाई, एक पाय दगडावर न् एक सायकलवर.

जुना_मास्तर | मंगळ, रात्री ९.१०

पोहेवाले भाऊशी मी सहमत. तयारी ठेव. फौजदारी प्रक्रिया आणि साक्ष तोंडपाठ झाली तर नेटलाही कामी येते आणि मास्तरकीतही. परीक्षा निघाली तर न्यायाधीश हो, नंतर शिकवायला ये, कोणी दार लावून ठेवलेलं नाही. तासिकेवर मात्र तीन वर्षाच्या वर राहू नको. मी सहा राहिलो, ती चूक होती, आणि ती चूक मी "विषयावरचं प्रेम" म्हणून खपवत होतो.

कपाशीवाली | बुध, रात्री ८.५५

काल रात्री बाबाले ती साक्षीदार बाईची गोष्ट सांगितली. आई वाती वळत होती, तीही ऐकून राहिली होती. बाबा बराच वेळ काही बोलले नाही. मग म्हणे, "ती बाई त्या कोर्टात गेली कशी? दुसऱ्या देशात होतं ना कोर्ट? तिकिटाचे पैसे कोणं देल्ले? न् ती तिकडे असताना तिच्या घरचं ढोर-वासरू कोण पाहे?"

मला उत्तर नाही आलं सर. हे कुठं लिहिलेलं असते का?

जुना_मास्तर | बुध, रात्री ९.२५

कोर्ट शेजारच्या टांझानियात, अरुशाला होतं. साक्षीदारांना न्यायचं, ठेवायचं, परत सोडायचं यासाठी न्यायाधिकरणाचा वेगळा विभागच होता. त्यामुळं तिकिटाचं उत्तर मी देऊ शकतो, आणि हेगच्या कोर्टातही रजिस्ट्रारच्या हाताखाली असा विभाग आहे, संविधीचं कलम ४३ बघ.

ढोरावासराचं मी २२ वर्षात कोणाला विचारलं नाही. बाबांना माझा नमस्कार सांग. आणि हा प्रश्न वहीत पहिल्या पानावर तारीख टाकून लिहून ठेव, एलएलएमच्या प्रबंधाला लागेल.

कपाशीवाली | बुध, रात्री ९.४०

लिहिला सर. काका, सोमवारी साडेदहाला बारमधे येते, बाकडं कोणतं ते सांगा.

वकीलकाका | बुध, रात्री ९.५२

खिडकीजवळचं. एक पाय हलते त्याचा, खाली वीट ठेवली आहे, ती सरकवू नको.